तबेल्यातल्या म्हशींसाठी घरगुती पावडर: सुरक्षित आहे हे तपासायचं कसं, आणि कुठपर्यंत?

कळव्याचा_पावडरवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागतो.

मी कळव्याला राहतो. रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत २१ वर्षं पॅकिंगला होतो. कंपनी गुजरातला गेली, मी इथेच राहिलो. मागच्या दिवाळीपासून म्हशींसाठी पावडर करून विकतोय. कृती आईची. आमच्या जुन्नरकडच्या गावी म्हैस व्याली की आई शतावरी, मेथी, बाळंतशेपा, बडीशेप, सुंठ, ओवा आणि थोडी हळद गुळासोबत पंधरा दिवस आंबोणात घालायची. घरातल्या बाळंतिणीला जे, तेच म्हशीला. म्हैस निदान तोंड वाकडं करायची नाही.

माल तुर्भ्याच्या मसाला मार्केटातून आणतो. लपवत नाही, चाळणीखालचा माल असतो: मेथीची चुरी, सुंठेचे तुकडे, शेप्याची काडी. अख्खा माल परवडत नाही. हे सगळं दळून शेंगदाणा पेंडीच्या भुग्यात मिसळतो, कारण नुसतं औषध म्हैस हुंगते आणि सोडून देते. ४० टक्के मसाला, ६० टक्के पेंड. दळण भिवंडीकडच्या एका गिरणीत होतं, तिथे कोंबडीखाद्यही बनतं. डोस दिवसाला १०० ग्रॅम. पिशवीवर छापलंय, "१०० टक्के नैसर्गिक, कोणताही दुष्परिणाम नाही." हे वाक्य छापखान्यातल्या मुलानेच सुचवलं होतं.

महिन्यापूर्वी शीळफाट्याकडच्या एका तबेल्यातून फोन आला. चार म्हशींना पातळ शेण, आंबोणाला तोंड लावेनात, दूध निम्म्यावर. मालक म्हणाला, तुझ्या पावडरनेच झालं. मी रिक्षा करून गेलो. तिसऱ्या दिवसापर्यंत म्हशी सावरल्या. मी पैसे परत केले, तो विषय संपला. पण माझी झोप गेली ती गेलीच.

मग एका प्रयोगशाळेत जाऊन विचारलं, की "सेफ्टी टेस्टिंग" करायचंय. त्यांनी दोन पानी यादी हातात दिली. जिवाणूंवर चाचणी, पेशींवर चाचणी, उंदरांवर ९० दिवस, आणि खाली जो आकडा होता त्यात माझा धंदा दोनदा उभा राहिला असता. मेथी-बडीशेपेसाठी उंदीर? आपण हजार वर्षं खातोय ना हे?

त्यातली एकच चाचणी परवडली ती केली, अफ्लाटॉक्सिन बी-१, म्हणजे बुरशीच्या विषाची. रिपोर्ट आला ६४ पीपीबी. मुलाने मोबाईलवर बघून सांगितलं, "बाबा, याने कॅन्सर होतो." आता तुम्ही सांगा. ६४ म्हणजे खूप का? म्हशी त्यानेच आजारी पडल्या का? आणि त्या दोन पानांतलं नेमकं काय करणं भाग आहे?

मुरबाडचा_कोंबडीवाला

भाऊ, एवढं काय घाबरता. मी १२ वर्षं कोंबड्यांना लसूण, हळद, ओवा देतोय. एकही रिपोर्ट नाही माझ्याकडे. लॅबवाले भीती विकतात. तबेलेवाल्याने दुसरं काहीतरी शिळंपाकं घातलं असेल आणि बिल तुमच्या नावावर फाडलं. पैसे परत करायला नको होते.

परळचा_जुना_पशुवैद्य

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलो आणि उभी नोकरी ठाणे जिल्ह्यात केली. आता निवृत्त. कोंबडीवाल्यांचं शेवटचं वाक्य सोडून देतो, बाकीच्यावर बोलतो.

कोवळ्या ज्वारीला कुणी विष फवारलेलं नसतं. तरी किराळ लागून धडधाकट बैल तासाभरात आडवा झालेला मी पाहिलाय, कारण त्या कोवळ्या पानांतून पोटात सायनाइड सुटतं. घाणेरी खाल्लेल्या गाईचं यकृत बिघडतं, मग ती उन्हात उभी राहिली की अंगावरची कातडी सोलवटते. सरकीतलं गॉसिपॉल हे विष मोठ्या म्हशीचं पोट बरंचसं निभावून नेतं, पण तीच सरकी लहान वासराला किंवा कोंबडीला भारी पडते. आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातला सडका कांदा फुकट मिळतो म्हणून टेम्पो भरून आणणारे तबेलेवाले आजही असतील. कांद्याने गुरांच्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी गडद तांबडी होते. शेळी तेवढाच कांदा बऱ्यापैकी पचवते. हे सगळं नैसर्गिकच आहे. तेव्हा पिशवीवरचं ते दुष्परिणामांचं वाक्य आधी खोडा.

पावडरवाले, तुम्ही सगळं लिहिलंत, पण एक गोष्ट विचारलीच नाहीत असं दिसतंय. त्या तबेल्यात पावडर घालत कोण होतं, आणि कशाने मोजून? मालकाला फोन करू नका, जो माणूस आंबोण कालवतो त्याला विचारा.

दुसरं, गिरणी. कोंबडीखाद्यात रक्ती हगवण होऊ नये म्हणून मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन असली औषधं घालतात. (मोनेन्सिन मातीतला एक जिवाणू तयार करतो, म्हणजे तुमच्या छापखान्याच्या हिशेबाने तेही नैसर्गिक.) कोंबडीला चालतं, बेताच्या डोसात गुरांनाही चालतं, घोड्याला मात्र थोडंसंही जीवघेणं ठरतं, हृदयाचा स्नायू जातो. तुमचं दळण कोंबडीखाद्यानंतर लगेच होत असेल तर मिक्सरच्या कोपऱ्यात उरलेलं तुमच्या पोत्यात येतं. तुमची पावडर तबेल्यापुरतीच राहील असं धरून चालू नका. कल्याण-भिवंडीकडे वरातीच्या घोड्या तबेल्याला लागूनच बांधलेल्या मी पाहिल्यात, आणि उरलंसुरलं खाद्य भिंतीपलीकडे जायला वेळ लागत नाही.

कळव्याचा_पावडरवाला

डॉक्टरसाहेब, आज सकाळी गेलो होतो. मालक नव्हता ते बरंच झालं. आंबोण कालवणारा पोरगा बिहारचा आहे, चांगला आहे. त्याने डबा दाखवला, वनस्पती तुपाचा जुना डबा. म्हणाला, सेठने सांगितलं एक डबा, मी एक डबा टाकतो. मी वजनकाटा घेऊनच गेलो होतो. ५५० ग्रॅम.

रोज. नऊ दिवस.

परळचा_जुना_पशुवैद्य

चला. तुमच्या गिऱ्हाइकाने तुमच्यासाठी टॉलरन्स टेस्ट (जनावर किती डोस सोसतं ती चाचणी) फुकटात करून दिली, फक्त नोंदवही ठेवली नाही.

थट्टा बाजूला. युरोपात जनावराच्या खाद्यात काही मिसळायचं तर २००३ सालच्या एका कायद्याखाली परवानगी लागते. २००६ च्या जानेवारीपासून तिथे वजन वाढवायला अँटिबायोटिक देणं पूर्ण बंद झालं. मग ओवा, दालचिनी, लसूण यांचे अर्क घेऊन कंपन्या रांगेत उभ्या राहिल्या. त्या रांगेत वनस्पतीला म्हणून सूट नाही. ज्या जनावरासाठी विकायचंय त्याच जनावरावर प्रयोग: एका गटाला काहीच नाही, एकाला सांगितलेला डोस, एकाला साधारण त्याच्या दहापट. ब्रॉयलर कोंबडीला ३५ दिवस, दुभत्या गाईला ५६. रोजचं खाणं, दूध, वजन, रक्त, यकृत-मूत्रपिंडाची तपासणी.

दहापट का, हे तुम्हाला आता तो तुपाचा डबा सांगेल. माणूस चुकतो, मिक्सर नीट फिरत नाही, एका पोत्यात माल एकवटतो. दहापटीला जनावर टिकलं तर या चुका पोटात घालता येतात. तुमची पावडर साडेपाचपटीला घसरली. २२० ग्रॅम सुंठ-ओवा-मेथी-हळद आणि वर ३३० ग्रॅम पेंड, सवय नसताना एकदम. पातळ शेण आणि बंद झालेली भूक यासाठी मला दुसरं कारण शोधायची गरज वाटत नाही. थांबवल्यावर तिसऱ्या दिवशी सावरल्या, तेही त्यालाच धरून आहे.

तुम्ही ५६ दिवसांचा प्रयोग करू शकणार नाही, कळतं मला. पण एखाद्या समजूतदार तबेलेवाल्याकडे सारख्या दुधाच्या सहा म्हशी बघा. दोनला नाही, दोनला १००, दोनला ३०० ग्रॅम, तीन आठवडे, आणि सुरुवातीला, शेवटी त्यांचं रक्त. तालुक्याच्या पशुवैद्याला सोबत घ्या. सहा म्हशींनी काही सिद्ध होत नाही, पण ढोबळ गडबड असेल तर दिसते. दुधाचा वासही घ्या. मेथीचा वास दुधात उतरतो, आणि रतीबाचं गिऱ्हाईक तो चहात पकडतं.

महापे_प्रयोगशाळा_ताई

मी महाप्याला खाद्यतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. ती दोन पानी यादी आमची नसावी अशी आशा आहे, पण असू शकते. काउंटरवर "सेफ्टी टेस्टिंग" म्हटलं की अख्खी यादीच हातात देतात. सोनाराकडे जाऊन "दागिने दाखवा" म्हटल्यासारखं होतं ते.

आधी तुमचे ६४. एक पीपीबी म्हणजे किलोत एक मायक्रोग्रॅम. तुमच्या १०० ग्रॅम पावडरीत ६.४ मायक्रोग्रॅम. आता त्याच म्हशीला तबेल्यात सरकी पेंड किती घालतात? तीन किलो धरा. त्या पेंडीत नुसते २० पीपीबी असले तरी ६० मायक्रोग्रॅम झाले. म्हणजे म्हशीच्या पोटात जाणाऱ्या विषाचा मोठा वाटा तुमच्या पिशवीतून येतच नाही. (डब्याने घातलं तेव्हा ३५ झाले, ते वेगळं.)

दुधाचंही असंच बघा. खाल्लेल्या बी-१ पैकी साधारण एक-दोन टक्के दुधात एम-१ होऊन उतरतं, जास्त दूध देणाऱ्या जनावरात याहूनही जास्त. आपल्याकडे दुधाला मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. आठ लिटरची म्हैस, दोन टक्के धरले, तर तुमच्या पावडरीने लिटरमागे ०.०१६ आले. पण सरकी पेंडच १०० पीपीबीची निघाली तर तिच्यातून ३०० मायक्रोग्रॅम, त्यातले सहा दुधात, लिटरला ०.७५. मर्यादा तिथे मोडते. चांगली गोष्ट एवढीच की खराब पेंड बंद केली की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं.

याचा अर्थ ६४ चालतील असा नाही. आपल्याकडे पशुखाद्याच्या आयएस २०५२ या मानकात मर्यादा २० आहे, आणि युरोपात दुभत्या जनावराच्या तयार खाद्याला फक्त ५. आता तुमचं मिश्रण बघा. मसाला जवळजवळ स्वच्छ असेल तर ६४ येण्यासाठी तुमची शेंगदाणा पेंड शंभराच्या वर हवी. मला तीच चोर वाटते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की मेले, कारण शोधता शोधता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचले आणि त्यातून हे विष ओळखलं गेलं. तुम्ही आईची औषधं तपासत बसलात, आणि बुरशी बसलीय औषध गोड करायला घातलेल्या पेंडीत. पेंड वेगळी, सुंठ वेगळी आणि बाकी मसाला वेगळा तपासा. सुंठेलाही बुरशी आवडते.

नमुना कसा नेलात हेही सांगा. एका पोत्यातून मूठभर नेला असेल तर ६४ हा आकडाही धरू नका. बुरशी ठिपक्याठिपक्याने असते. शंभरातले चार दाणे काळवंडलेले असतात आणि सगळं विष त्या चारांत. दहा-बारा पोत्यांतून वर, मध्ये, तळाशी असं काढायचं, एकत्र ढीग करायचा, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा ढीग, असं करत किलोभर उरेपर्यंत. कागदी पिशवीत आणा, दमट माल प्लॅस्टिकमध्ये बांधलात तर वाटेतच बुरशी वाढते.

उंदरांचं काय ते सांगते. जिवाणूंवरची ती चाचणी म्हणजे एम्स टेस्ट. माल पेशीतल्या डीएनएला धक्का लावतो का, हे त्यातून कळतं. ९० दिवसांचे उंदीर नंतर येतात. अख्खी मेथी, अख्खी शतावरी स्वयंपाकाच्या मापात वापरताय तोवर मी तुम्हाला तिकडे पाठवणार नाही. पण उद्या कुणी म्हणालं, दळत काय बसता, बडीशेपेचं तेल काढून दोन थेंब टाका, तर माझ्याकडे परत यायचं. बडीशेपेत एस्ट्रागोल असतं. मोठ्या डोसात त्याने उंदरांच्या यकृतात गाठी होतात. चमचाभर बडीशेपेत ते नगण्य, तेलात एकवटलेलं. तुमच्या आईने कधी तेल काढलं नव्हतं, तेव्हा हजार वर्षांचा दाखला तेलाला लागू होत नाही.

तुमच्या मालाला माझ्या मते एवढं पुरे: अफ्लाटॉक्सिन, ओलावा, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जिवाणू), आणि शिसं-आर्सेनिक-कॅडमियम. शतावरीच्या मुळ्या खरोखर शतावरीच्या आहेत का, हेही एकदा. चुरी घेता म्हणून सांगते, चुरीत काय आहे ते डोळ्याला कळत नाही.

आणि दळताना तोंडाला काय बांधता? तुमच्या कामात सगळ्यात जास्त धोका पावडर दळणाऱ्या-चाळणाऱ्याला आहे, धूळ त्याच्याच नाकातोंडात जाते.

मुरबाडचा_कोंबडीवाला

ताई, शिसं कुठून येणार मसाल्यात? पेट्रोल आहे का ते.

महापे_प्रयोगशाळा_ताई

हळदीतून, दादा. पिवळी धमक दिसावी म्हणून काही ठिकाणी तिच्यावर लेड क्रोमेट चोळतात, तो शिशाचाच रंग. तुम्ही १२ वर्षं कोंबड्यांना देताय ती हळद कुठली? गाठ्या घेऊन स्वतः दळत असाल तर गाठी धुऊन पाणी पिवळं येतं का बघा. सुटी पावडर असेल तर एक नमुना पाठवा. शिसं अंड्यात उतरतं.

मुरबाडचा_कोंबडीवाला

सुटी आहे. पाठवतो.

कळव्याचा_पावडरवाला

सहा आठवडे झाले, मध्ये लिहायला जमलं नाही. पाऊस, त्यात कळव्याच्या खोलीत पाणी, ते असो.

ताईंनी सांगितलं तसा बारा पोत्यांतून नमुना काढला. बायको आणि मी, चादर पसरून, ढीग, चार भाग, पुन्हा ढीग. शेजारचे विचारत होते, कसला विधी आहे. पेंड ९८ पीपीबी. सगळा मसाला मिळून ७. आई असती तर तिला रिपोर्ट वाचून दाखवला असता. साल्मोनेला नाही. शिसं ठीक. शतावरीच्या चुरीत भलतीच मुळं निघाली. व्यापारी म्हणतो तो माल माझा नव्हताच. आता अख्ख्या मुळ्या घेतो, महाग पडतं.

शेंगदाणा पेंड सोडली. आता गव्हाचा कोंडा आणि थोडा गूळ. म्हशी आधी नाक मुरडत होत्या, गूळ वाढवल्यावर खायला लागल्या. कोंड्याचाही रिपोर्ट केला, ४ आला. ओलाव्यावर नजर ठेवतोय, इथल्या जुलैत कोंडा दोन दिवसांत हाताला चिकटतो. गिरणीही बदलली, कळव्यातच मसाला दळणारी बाई आहे, तिथे कोंबडीखाद्य येत नाही. बायको मास्क लावते, मी लावत नाही, त्यावरून घरात रोज बोलणी.

सहा म्हशींचा प्रयोग डॉक्टरसाहेबांच्या ओळखीतल्या भिवंडीच्या तबेल्यात केला. ३०० ग्रॅमवाल्या एका म्हशीचं शेण चौथ्या दिवशी सैल झालं आणि आपोआप बसलं. रक्त सगळ्यांचं ठीक. १०० ग्रॅमवाल्यांत काही नाही. दूध वाढलं का विचाराल तर, अर्धा लिटर इकडे तिकडे. दोन म्हशींत वाढलं असं म्हणायला माझं धाडस होत नाही. पिशवीवरचं वाक्य खोडलं. आता तिथे फक्त डोस आणि "गाई-म्हशींसाठीच, घोड्यांना व वासरांना देऊ नये."

शीळफाट्याच्या मालकाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, डब्याचं माझ्या पोराला आधी सांगायचं होतंस. म्हणून प्रत्येक पिशवीत १०० ग्रॅमचं मापटं सुतळीने बांधून दिलं. पंधरा दिवसांनी फिरून आलो. एका तबेल्यात त्या मापट्याने चहाची साखर काढत होते. दुसऱ्यात मापटं मिळालंच नाही, आणि तुपाचा डबा खुंटीला तसाच होता.

म्हणून आता १०० ग्रॅमच्या पुड्याच करायचं ठरवलंय, एक म्हैस एक पुडी. पुडीमागे दीड रुपया वाढतो. ताई, कागदी पुडीत आतून मेण असेल तर कोंडा तीन महिने टिकेल का? की प्लॅस्टिकच बरं?

महापे_प्रयोगशाळा_ताई

तीन नाही, दोन महिने छापा, आणि तेही माल भरताना ओलावा दहा टक्क्यांच्या खाली असेल तर. पहिल्या शंभर पुड्यांतल्या दहा कळव्याच्या त्याच खोलीत ठेवा आणि सप्टेंबरला माझ्याकडे आणा.